सार्वजनिक कंत्राटे आणि सामाजिक निकष

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या दरम्यान शेलू हे लहानसे स्थानक आहे. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील या गावाचे नाव अलीकडे वृत्तपत्रांतून वरचेवर येऊ लागले, त्याला कारण मुंबईच्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांचे कामगार. त्यांच्यासाठी शेलू व वांगणी येथे मिळून सुमारे ८१ हजार घरे खाजगी विकासकांकडून उभारून घेण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मान्य केली. ज्यांनी मुंबईत आयुष्य वेचले त्यांना मुंबईतच घर मिळावे, अशी मागणी करीत कामगार संघटनांनी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन केले. त्या वादाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. तथापि त्या निमित्ताने एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. गिरणी कामगारासाठी घर बांधणे हा सार्वजनिक कामाचा सामाजिक हेतू झाला. ते घर कोणी बांधावे, बांधणाऱ्याची निवड करताना दराखेरीज आणखी काय पाहावे, विटा वाहणाऱ्या बाईला किती मजुरी मिळावी, हा प्रश्न निराळा. पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे भाषणे होतात. दुसरा प्रश्न निविदेच्या कागदांत दडलेला असल्यामुळे त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

सरकार हे कोणत्याही देशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक होय. रस्ते, शाळा, धरणे, बालकांचा आहार, कचेऱ्यांची झाडलोट ही सारी कामे ते पैसे देऊन करवून घेते. तेव्हा हा पैसा खर्च करताना केवळ स्वस्त आणि चांगला माल घ्यावा, की त्याच पैशाने बेकारी, दारिद्र्य, अपंगत्व यांच्या निवारणाचे कार्यही साधावे? पहिल्या पक्षाचे म्हणणे सहज समजण्यासारखे आहे. दर हा मोजता येतो. परोपकार मोजता येत नाही. आणि जे मोजता येत नाही त्याच्या आडून आपल्या माणसाला काम देणे अधिकाऱ्यास सोपे जाते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की कमी दराची निविदा पुष्कळदा कमी मजुरीची निविदा असते, आणि जी बचत सरकारी हिशेबात दिसते ती मजुराच्या पोटातून काढलेली असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा वाद अट असावी की नसावी हा नसून, ती करारपत्राच्या कोणत्या भागात लिहावी हा आहे.

अट लिहिण्याच्या जागा मुख्यत्वे तीन. ती दारावर लिहिता येते : अमुक वर्गाच्या संस्थेनेच हे काम घ्यावे, इतरांनी येऊ नये. ती तराजूत टाकता येते : आलेल्या निविदांची तुलना करताना दराला इतके गुण, सामाजिक लाभाला इतके. आणि ती कामावर लिहिता येते : काम कोणीही घ्यावे, परंतु ते करताना इतके बेकार मजूर लावले पाहिजेत, इतकी मजुरी दिली पाहिजे. या तीन जागांचे गुणदोष निरनिराळे आहेत. आपल्या प्रांताला यांपैकी पहिल्या जागेचा अनुभव पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा आहे, ही गोष्ट युरोपीय कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसते.

तो अनुभव जंगलातला आहे. इंग्रजी अमदानीत राखीव जंगलाचे कूप पाडून त्यांचा लिलाव करण्याची पद्धत रूढ झाली. कूप म्हणजे त्या त्या वर्षी तोडावयाचा जंगलाचा आखून दिलेला तुकडा. जो अधिक बोली बोलेल त्या ठेकेदारास तो मिळे. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष होती. स्पर्धा खुली, भाव चढा, पक्षपातास वाव थोडा. परंतु चढी बोली बोललेला ठेकेदार ती रक्कम वसूल कोठून करणार? लाकडाचा भाव शहरातील बाजार ठरवी. त्याच्या हाती होती ती फक्त तोडणाऱ्याची आणि ओढणाऱ्याची मजुरी. तोडणारे वारली, ठाकूर, कातकरी, कोकणा हे आदिवासी. त्यांच्यापैकी पुष्कळांनी सावकाराकडून वा ठेकेदाराकडूनच खावटी घेतलेली. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या या स्थितीचे जे वर्णन आहे, ते सरकारी भाषेत असूनही वाचवत नाही. ठाणे जिल्ह्यात १९४५ पासून वारल्यांचा लढा सुरू झाला आणि १९४६ साली जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला. त्या लढ्यातील एक नेत्या गोदावरी परुळेकर यांनी त्याची हकीकत पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली.

या पार्श्वभूमीवर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ च्या सुमारास, मुंबई सरकारने एक वेगळा मार्ग धरला. आदिवासी भागातील काही कूप लिलावात न काढता ते जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना, खात्याने ठरविलेल्या किमतीस, द्यावयास प्रारंभ केला. तोड करणारा आदिवासी हाच संस्थेचा सभासद. नफा झाला तर तो त्याचा आणि त्याच्या वस्तीच्या सुधारणेचा. परंतु हिशेब, बाजार, वाहतूक यांचा अनुभव नसलेल्या सभासदांच्या हाती एकदम सर्व कारभार देणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक संस्थेच्या पाठीशी एक समाजसेवी संस्था प्रायोजक म्हणून उभी करण्यात आली. खेरांनीच १९४० साली स्थापिलेले आदिवासी सेवा मंडळ हे अशा संस्थांपैकी अग्रगण्य होय. मुंबई राज्याच्या आदिवासी टापूंत, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या आणि गुजरातच्या दोन्ही भागांत, या संस्था पसरल्या.

आजच्या कायदेपंडितांच्या भाषेत बोलावयाचे तर हे 'राखीव कंत्राट' झाले. परंतु त्याची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यात दारावरची अट होती आणि कामावरचीही होती, कारण सभासद आणि मजूर हा एकच माणूस असावा अशी मूळ कल्पना होती. ज्या क्षणी हे दोघे निराळे झाले, म्हणजे सभासदांच्या वहीत एक नाव आणि कुऱ्हाडीला दुसरे हात असे झाले, त्या क्षणी ती अट पोकळ होणार हे उघडच होते. तसे होऊ नये यासाठी पहारा कोणाचा? प्रायोजक संस्थेचा, वनखात्याचा आणि सहकार खात्याच्या लेखापरीक्षकाचा. जेथे प्रायोजक कार्यकर्ता पाड्यावर मुक्काम करून राहणारा होता, तेथे या संस्थांनी मजुरीचा दर वाढविला, मजुरी रोख आणि वेळेवर दिली, ठेकेदाराच्या मुकादमाची सद्दी मोडली. जेथे प्रायोजक नावापुरता होता, तेथे जुना ठेकेदारच लाकडाचा खरेदीदार, पैसे पुरविणारा किंवा संस्थेचा सल्लागार होऊन परत आला. शिवाय एक उणीव मुळातच होती. प्रायोजकाने अखेरीस बाजूला व्हावयाचे होते, पण केव्हा, हे कोठेच लिहिलेले नव्हते. आणि ज्याला बाजूला होण्याची तारीख नाही तो क्वचितच बाजूला होतो. पुढे १९७४ साली महाराष्ट्रात वनविकास महामंडळ आले, १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगलाच्या उत्पन्नापेक्षा त्याच्या रक्षणाला अग्रमान दिला. तोड कमी होत गेली आणि तिच्याबरोबर संस्थांचे कामही ओसरले.

आता युरोपकडे वळू. तेथील प्रश्नाचे मूळ अगदी भिन्न आहे. युरोपीय समुदायाने सार्वजनिक कंत्राटांचे नियम केले ते मजुराच्या कळवळ्याने नव्हेत; एका देशातील नगरपालिकेने दुसऱ्या देशातील ठेकेदारास डावलू नये, सर्व सभासद-राष्ट्रांची मिळून एकच बाजारपेठ व्हावी, हा त्यांचा उद्देश. त्यामुळे स्थानिक बेकारांना काम द्या असे कोणी निविदेत लिहिले, की युरोपीय आयोगाला त्यात परकीय ठेकेदारास रोखण्याचा डाव दिसे. या संशयाच्या वातावरणात सामाजिक अटीला वाट काढावी लागली, आणि म्हणूनच ती अट कोठे व कशी लिहावी याचे शास्त्र तेथे आपल्यापेक्षा अधिक बारकाईने विकसित झाले असावे.

यातील पहिला महत्त्वाचा निर्णय २० सप्टेंबर १९८८ चा, बेंटयेस प्रकरणातील. नेदरलंड्समधील वॉटरलँड भागातील जमीन-एकत्रीकरणाच्या कामासाठी बेंटयेस नामक ठेकेदाराची निविदा सर्वांत कमी दराची होती. तरी ती नाकारण्यात आली. कारणांपैकी एक असे, की कामावरील मजुरांपैकी निदान ७० टक्के दीर्घकाळ बेकार असलेल्यांतून, प्रादेशिक सेवायोजन कचेरीमार्फत, घ्यावेत ही अट तो पुरी करू शकत नव्हता. युरोपीय न्यायालयाने सांगितले, की अशी अट ठेकेदाराच्या लायकीची कसोटी नव्हे, तशीच ती निविदांच्या तुलनेचा नेहमीचा निकषही नव्हे. ती एक वेगळी, जादा अट आहे. ती घालण्यास मज्जाव नाही, मात्र तिने परदेशी निविदाकाराविरुद्ध प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भेदभाव होता कामा नये, आणि ती निविदेच्या जाहिरातीतच सांगितलेली असली पाहिजे. नॉर-पा-द-कॅले या फ्रेंच प्रदेशातील शाळा-बांधणीच्या प्रकरणात (२०००) न्यायालय एक पाऊल पुढे गेले आणि बेकारी-निवारणाचा विचार निविदांच्या तुलनेतही करता येतो असे म्हणाले. हेलसिंकीच्या बसगाड्यांसंबंधीच्या काँकॉर्डिया निर्णयाने (२००२) आणखी एक मर्यादा घातली : निकष कोणताही असो, त्याचा कंत्राटाच्या विषयाशी संबंध पाहिजे, आणि निवड करणाऱ्याला त्यामुळे अनिर्बंध स्वातंत्र्य मिळता कामा नये.

विषयाशी संबंध हे सूत्र ऐकावयास रुक्ष असले तरी त्यावरच पुष्कळ काही अवलंबून आहे. उत्तर हॉलंड प्रांताने कॉफीची यंत्रे व कॉफी यांच्या पुरवठ्यासाठी निविदा मागविल्या तेव्हा माल न्याय्य व्यापाराच्या रीतीने उत्पादकाकडून घेतलेला असावा, असे त्यास वाटले. २०१२ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की हे पाहता येईल. दूर देशीच्या लहान शेतकऱ्याला काय भाव मिळाला याचा त्या कॉफीशी संबंध आहे, जरी कपातील चवीत तो कळत नसला तरी. परंतु एका विशिष्ट संस्थेचा शिक्काच हवा असा आग्रह धरता येणार नाही. त्या शिक्क्यामागील कसोट्या लिहाव्यात आणि त्या अन्य रीतीने पुऱ्या करणाऱ्यालाही वाव द्यावा. तसेच ठेकेदार 'समाजाप्रती जबाबदार' असावा अशी गोलमोल मागणी चालणार नाही, कारण तिचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या परीने करील. आपल्याकडील निविदांत 'नामांकित', 'सामाजिक कार्याचा अनुभव असलेली' अशी जी विशेषणे आढळतात, त्यांच्यासंबंधी हा निर्णय वाचून विचार करण्यासारखा आहे.

मजुरीच्या दराचा प्रश्न मात्र युरोपात सर्वांत अवघड ठरला. जर्मनीतील नीडर-साक्सेन राज्यात ग्योटिंगनजवळ तुरुंगाची इमारत बांधावयाची होती. राज्याच्या कायद्याने ठेकेदारास स्थानिक सामुदायिक करारातील मजुरी देणे बंधनकारक केले होते. पोटठेकेदार पोलिश होता. त्याने ५३ मजुरांना ठरलेल्या किमान मजुरीच्या केवळ ४६.५७ टक्के रक्कम दिली असे उघडकीस आले. राज्याने करार मोडला. ३ एप्रिल २००८ रोजी रुफर्ट प्रकरणात न्यायालयाने निकाल दिला तो राज्याविरुद्ध! तो सामुदायिक करार सर्वांना लागू म्हणून जाहीर झालेला नव्हता. खाजगी इमारतींच्या कामास लागू नाही असा दर फक्त सरकारी कामास लावून परदेशी ठेकेदाराला बांधता येणार नाही, असा त्याचा सारांश. निम्म्याहून कमी मजुरी दिल्याचे सिद्ध असताना हा निकाल लागावा याने तेथील कामगार संघटना हादरल्या, यात नवल नाही. पुढे लांडाउ नगरपालिकेच्या टपालसेवेच्या कंत्राटासंबंधी, रेगिओपोस्ट प्रकरणात (२०१५), ताशी ८.७० युरो हा दर खुद्द कायद्यातच लिहिलेला होता म्हणून न्यायालयाने तो ग्राह्य धरला, आणि तो दर देण्याची लेखी हमी न देणाऱ्या निविदाकारास वगळणे योग्य ठरविले.

रुफर्ट निर्णयाशेजारी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निर्णय ठेवून पाहावा. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावर मजुरांना दिवसाला ९ रुपये २५ पैसे ही किमान मजुरी होती. ठेकेदार ती रक्कम जमादाराच्या हाती देई, जमादार माणशी एक रुपया कापून घेई, मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. लोकशाही हक्क संघटनेने तक्रार केली. न्यायालयाने सांगितले, की किमान मजुरीपेक्षा कमी मोबदल्यात काम करावे लागणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदातील वेठबिगारीच होय; मनुष्य भुकेच्या सक्तीनेही वेठीस धरला जातो. आणि काम ठेकेदारामार्फत करवून घेतले म्हणून सरकार हात झटकू शकत नाही. दोन न्यायालयांपुढे एकच वस्तुस्थिती, सरकारी इमारत आणि कापलेली मजुरी. एकाने ती बाजारपेठेच्या खिडकीतून पाहिली, दुसऱ्याने माणसाच्या. अर्थात् निर्णय थोर असला म्हणून कापणी थांबते असे नाही. ठेकेदाराने मजुरी मूळ मालकाच्या प्रतिनिधीसमक्ष द्यावी, त्याने न दिल्यास मालकाने ती चुकती करावी, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले होते. तो प्रतिनिधी कामावर किती वेळा उपस्थित असे, हे ज्यांनी रस्त्याची कामे पाहिली आहेत त्यांना सांगावयास नको.

आपल्याकडे दारावरच्या अटीची कायदेशीर बाजू अवघड नाही. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्यासंबंधी रमण दयाराम शेट्टी यांच्या खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व घालून दिले, की सरकारने एकदा अट जाहीर केली की ती त्याच्यावरही बंधनकारक असते. कंत्राट ही राजाची बक्षिसी नव्हे. परंतु त्याचबरोबर, सकारण आणि जाहीरपणे, दुर्बल वर्गासाठी काम राखून ठेवणे समतेच्या विरुद्ध मानले गेलेले नाही. केंद्र सरकारच्या २०१२ च्या आदेशान्वये सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदीचे ठरावीक प्रमाण आहे. २०१८ पासून ते २५ टक्के झाले, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के व स्त्रियांसाठी ३ टक्के असा पोटहिस्सा आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकामाच्या लहान कामांची वाटणी अनेक वर्षे मजूर सहकारी संस्थांना ३३ टक्के, सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना ३३ टक्के आणि उरलेली ३४ टक्के खुल्या स्पर्धेस, या प्रमाणात होत आली. जंगल कामगार संस्थांचीच ही चुलत बहीण म्हणावयास हरकत नाही. परंतु मजूर संस्थेत मजूर नसतात, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे, की ती सांगणाराही हसत सांगतो. सभासदांच्या यादीत गावातील प्रतिष्ठित मंडळी, काम यंत्राने, यंत्र ठेकेदाराचे. अट दारावर होती; तिने दार ओलांडल्यावर कोणालाही काही विचारले नाही.

बालकांच्या आहाराची कथा याहून बोधप्रद आहे, कारण तेथे लाभार्थी स्वतः तक्रार करू शकत नाही. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की अंगणवाडीच्या पोषक आहाराच्या पुरवठ्यासाठी ठेकेदार वापरू नयेत. धान्याची खरेदी व स्वयंपाक शक्यतो ग्रामसमाज, बचत गट आणि महिला मंडळे यांच्याकडून करवून घ्यावा. हेतू दुहेरी होता : बालकाला ताजे अन्न आणि गावातील स्त्रीला काम. म्हणजे विषयाशी संबंध आणि सामाजिक हेतू ही दोन्ही येथे एकत्र आली होती. लुक्सेंबुर्गच्या न्यायाधीशांनीही मान डोलवावी अशी ही अट. पुढे काय झाले? महाराष्ट्रात घरी नेण्याच्या तयार आहाराच्या पुरवठ्यासाठी मोठमोठे ठेके निघाले आणि ते महिला संस्थांच्या नावाने दिले गेले. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ च्या अहवालात असे दाखवून दिले, की काही महिला मंडळांच्या नावामागे प्रत्यक्ष कारखाने खाजगी होते. २०१६ साली नवी निविदा निघाली. तिच्या अटी अशा होत्या, की गावातील बचत गटाला उंबरठाही ओलांडता येऊ नये. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी मोजक्या मोठ्या संस्थांना सोयीच्या असल्याचे म्हटले, ठेके रद्द केले आणि नव्याने निविदा काढावयास सांगितले. पंधरा वर्षे गेली. कर्जत-खालापूरच्या पाड्यावर २००४ साली अंगणवाडीत बसलेले मूल तोवर कामाला लागून गेले होते.

या ठिकाणी युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशातील दोन कलमे मुद्दाम पाहावीत. विसाव्या कलमान्वये अपंग वा वंचित व्यक्तींना रोजगारात सामावून घेणे हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा संस्थांसाठी कंत्राट राखून ठेवता येते. पण कसोटी काय? तेथे काम करणाऱ्यांपैकी निदान ३० टक्के व्यक्ती त्या वर्गातील असल्या पाहिजेत. सभासद नव्हे, संचालक नव्हे, काम करणारे. आपल्या मजूर संस्थांच्या नियमांत हा एकच शब्द बदलला तर पुष्कळ वह्या उघड्या पडतील. दुसरे, सत्त्याहत्तरावे कलम. आरोग्य, समाजसेवा, संस्कृती यांसारख्या काही सेवांचे काम लोकसेवेसाठी स्थापिलेल्या, नफा त्याच कार्यात गुंतविणाऱ्या, कामगारांच्या मालकीच्या वा सहभागाच्या संस्थांस राखून देता येते. परंतु ठेक्याची मुदत तीन वर्षांहून अधिक असू नये, आणि त्याच अधिकाऱ्याकडून तशा सेवांचा राखीव ठेका त्या संस्थेस मागील तीन वर्षांत मिळालेला नसावा. जंगल कामगार संस्थांच्या प्रायोजकाला जी तारीख कोणी घातली नव्हती, ती येथे कायद्यातच आहे. तीन वर्षांत नवशिकी संस्था उभी राहत नाही, असा यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मुदत पाच वर्षांची ठेवा, सातांची ठेवा, पण ठेवा.

याखेरीज त्या निर्देशात अठराव्या कलमाने ठेकेदाराने काम करताना कामगारविषयक कायदे पाळलेच पाहिजेत अशी व्यवस्था करण्याचे बंधन सभासद-राष्ट्रांवर घातले आहे. आणि एकोणसत्तराव्या कलमान्वये एखादी निविदा अवास्तव कमी दराची वाटली तर निविदाकारास खुलासा विचारावयाचा असतो, व हा कमी दर कामगार कायदे मोडल्यामुळे शक्य झाला असे आढळल्यास ती निविदा नाकारणे भागच आहे. आपल्या ठेक्यांत अंदाजपत्रकापेक्षा कितीतरी खालच्या दराने काम घेण्याची चढाओढ आपण नित्य पाहतो. तो दर कसा परवडतो हे विचारण्याची सक्ती जर अधिकाऱ्यावर असती, तर उत्तरात बहुधा दोनच गोष्टी निघाल्या असत्या : सिमेंट किंवा माणूस. तथापि युरोपात हे सर्व पाळले जाते असे समजण्याचे कारण नाही. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने २०२३ च्या अहवालात खेदाने नोंदविले आहे, की सामाजिक वा पर्यावरणीय निकषांचा उपयोग अजून थोड्या कंत्राटांत होतो आणि निवड पुष्कळ ठिकाणी दरावरच होते. कलम असणे निराळे, ते निविदेत उतरविणे निराळे.

मग कर्जत तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या वा रस्त्याच्या निविदेत काय लिहावे? दारावर कमी आणि कामावर अधिक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. काम कोणीही घ्यावे. परंतु मजुरांपैकी ठरावीक भाग त्याच पंचक्रोशीतील भूमिहीनांतून, हजेरीपट ग्रामपंचायतीत वाचून दाखवून, मजुरी ज्याची त्याच्या खात्यात, आणि देयकाचा शेवटचा हप्ता मजुरी चुकती झाल्याची खात्री पटल्यावरच. यांपैकी एकही गोष्ट आजच्या कायद्यास धरून नाही असे नाही. जंगल कामगार संस्थांचा अनुभव मात्र असे सांगतो, की कामावरची अट ही पाहणाऱ्या डोळ्यांवाचून कागदच राहते. तेव्हा त्या डोळ्यांचा, म्हणजे पाड्यावर जाणाऱ्या कार्यकर्त्याचा वा निरीक्षकाचा, खर्च अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. तो खर्च धरला की कंत्राट महाग पडते, अशी ओरड होईल. ते महाग पडतेच. प्रश्न एवढाच, की आज ती किंमत कोण देत आहे.

आणि आणखी एक गोष्ट, जी युरोपच्या कोणत्याही कलमात सापडणार नाही. या टापूतील कातकरी कुटुंबे पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, वीटभट्टीच्या वा कोळसाभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतात. दिवाळीनंतर ती भट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडी परततात. सरकारी कामे मात्र पाऊस सरल्यावर सुरू होतात आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या घाईत, मार्चच्या सुमारास, भरात येतात. म्हणजे निविदेतील स्थानिक मजुराची अट जेव्हा जागी होते, तेव्हा तो मजूर दुसऱ्याच्या भट्टीवर, घेतलेल्या पैशाच्या बदली, चिखल तुडवीत असतो. ठेकेदार लिहून देतो की स्थानिक मजूर उपलब्ध नाही, आणि ते खरे असते. ही अट कामास यावयाची तर तिच्यात जानेवारीची मजुरी लिहून भागणार नाही. कामाचा आदेश पावसाळ्यापूर्वी निघाला पाहिजे, आणि त्या मजुरीपैकी काही भाग आगाऊ, श्रावण-भाद्रपदात, मुकादम पाड्यावर येण्याच्या आधी, त्या घरात पोहोचला पाहिजे. सरकारी ठेकेदारांना यंत्रसामग्रीसाठी आगाऊ रक्कम देण्याची कलमे कंत्राटांत आढळतातच. ती मजुराच्या बाबतीत लागू करण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही.